बहिऱ्या मावशीची घंटा

१

आमच्या एल्टरसुम गावच्या दातांच्या डॉक्टरांची दाढ माझ्या पावानं तुटली आणि सगळं गाव पोट धरून हसलं. डॉक्टर वुब्बो हाक्सेमा, वय एकाहत्तर. चाळीस वर्षं लोकांना दरडावून तोंडं उघडायला लावली, आता निवृत्त. मंगळवारी सकाळी माझ्या दुकानातून बेदाण्यांचा पाव नेला, लोणी लावून पहिला घास घेतला आणि खालची दाढ उभी चिरली. हसणाऱ्यांचं काय जातंय? मी हिल्ये, तिसऱ्या पिढीची पाववाली. आमच्या पावात आजवर जळका बेदाणासुद्धा निघाला नाही, तिथे खडा?

पीठ आलं होतं समोरच्या पवनचक्कीतून. तिचं नाव 'बहिरी मावशी'. पूर्वी ज्या बाईनं तिच्यासाठी जमीन दिली तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून. बारा वर्षांपूर्वी चक्कीची दुरुस्ती झाली, नवी पाती बसली, आणि तेव्हापासून शनिवारी लांबलांबून माणसं सायकली दामटत बघायला येतात. पण तिथे बघण्यासारखं काही असेल तर ते टोनिसकाकांमुळे. टोनिस व्हेनेमा, वय चौऱ्याहत्तर. चक्की पडकी होती तेव्हापासून एकेचाळीस वर्षं हा माणूस तिच्यामागे आहे, तोही बिनपगारी. दर शनिवारी गहू दळतात आणि लाल दोरीनं तोंड बांधलेली पोती स्वतः हातगाडीवरून माझ्या दारात आणून ठेवतात. लाल दोरी पावासाठी, पांढरी दोरी जनावरांसाठी. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

त्या सोमवारी मी तीनातलं पहिलं पोतं उघडायला घेतलं तर गाठ सुटेना. टोनिसकाकांची गाठ एका बोटानं सुटते, ही ओढावी तशी आवळत गेली. शेवटी सुरीनं कापली आणि म्हाताऱ्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. दोरी एप्रनच्या खिशात कोंबली. दोरी फेकायची नाही, ही माझ्या आईची शिस्त.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची दाढ गेली. माझा स्वभाव असा की आधी तोंड सुटतं, मग डोकं चालतं. मी तिथल्या तिथे कागद ओढला आणि चक्कीच्या विश्वस्त मंडळाला तक्रार खरडली. पिठात खडे येतात, दळणाऱ्याचं लक्ष नाही, उद्या कुणाचा जीव जाईल. हे शब्द माझे. आज आठवले की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

अर्ध्या तासात अध्यक्ष सिक्को एब्बिंगे दुकानात हजर. इस्त्रीचा कोट, मऊ आवाज, प्रत्येक वाक्यात 'आपल्या सगळ्यांच्या हितासाठी'. तक्रार घडी करून खिशात घातली, नुकसानीबद्दल वाईट वाटतं म्हणाले. जाताजाता म्हणाले, "बाकीची दोन पोती बिनधास्त वापरा. टाकून वगैरे देऊ नका." मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे.

गुरुवारी चक्कीच्या दारावर नोटीस लागली. शनिवारी दळताना धान्याची पेटी रिकामी झाली, घंटा वाजली, ती दळणाऱ्याला ऐकू आली नाही, दगडावर दगड घासला आणि पिठात खडे पडले, असं त्यात होतं. ही घंटा म्हणजे साधी युक्ती आहे. पेटीतल्या धान्याखाली एक चामड्याचा पट्टा दाबलेला असतो. धान्य संपत आलं की पट्टा मोकळा होतो आणि घंटा वाजायला लागते. मग दळणाऱ्यानं धावत जाऊन पेटी तरी भरायची, नाहीतर वरचा दगड तरी उचलायचा. टोनिसकाकांच्या कानात हिवाळ्यापासून यंत्र आहे. तेव्हा, नोटीस पुढे म्हणत होती, सुरक्षिततेसाठी त्यांना मोकळं करण्यात येत आहे, आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, सगळ्या पवनचक्क्या लोकांना खुल्या असतात त्या चक्की-दिनाला, किल्ली दूरच्या झेलँड प्रांतातून आलेल्या मारिनुस द व्होस यांच्याकडे देण्यात येईल. खाली अध्यक्षांची सही, आणि 'पाववालीच्या लेखी तक्रारीवरून' असंही.

टोनिसकाका भांडले नाहीत. उठले, किल्ली काढली आणि स्वतः जाऊन अध्यक्षांच्या टेबलावर ठेवून आले. एकेचाळीस वर्षांचा माणूस असा गपचूप किल्ली देतो म्हणजे त्याची चूक असणारच, असं गावानं ठरवून टाकलं. मीही त्यातलीच.

शुक्रवारी दुपारी डॉक्टर सुजलेला गाल घेऊन दुकानात आले आणि गोळ्यांची एक छोटी डबी माझ्यासमोर ठेवली. आत कापसावर तो खडा होता.

"हिल्ये," ते म्हणाले, "याला दगड कोण म्हणालं?"

२

माझ्या भिंतीवरच्या पत्र्याच्या फळीला ऑर्डरींच्या चिठ्ठ्या चुंबकानं लावलेल्या असतात. डॉक्टरांनी त्यातला एक चुंबक काढून डबीजवळ नेला. खडा टुणकन उडून त्याला चिकटला. नखाच्या टोकाएवढा, एका बाजूनं चकचकीत. चाळीस वर्षं तोंडात धातू भरले आहेत, म्हणाले, पोलाद मला दातांनी कळतं. दगडावर दगड घासला तर दगडाचा चुरा पडेल. पोलाद कुठून येईल?

मग त्यांनी विचारलं की शनिवारी सकाळी मला घंटा ऐकू आली होती का. चक्की माझ्या दारापासून साठ पावलांवर, मे महिना, खिडक्या उघड्या. ती घंटा वाजली की आमची अख्खी गल्ली मान वर करते. मी आठवून पाहिलं. नव्हती ऐकली.

"मग नोटीस वाचून गप्प का बसलीस?"

गर्दीत माझ्याच लक्षात आलं नसेल असं वाटलं, मी म्हणाले. छापलेलं वाचलं की माणूस स्वतःच्या कानांवरही विश्वास ठेवत नाही. माझी मलाच चीड आली. मी एप्रन न काढताच निघाले, जाताना त्या गाठ कापलेल्या पोत्यातलं मूठभर पीठ डॉक्टरांनी पिशवीत भरून घेतलं.

टोनिसकाका एकटेच राहतात. स्वयंपाकघरात टोपी घालून बसले होते, जणू कुठे निघायचंय. दाराशेजारच्या खिळ्यावर किल्ली टांगलेली असायची, तिथे आता नुसता खिळा. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनीच हात हलवून मला थांबवलं. तुझी काही चूक नाही पोरी, म्हणाले, बरं झालं तू लिहिलंस. मग शांतपणे, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं, स्वतःविरुद्ध एकेक पुरावा मांडायला लागले. शनिवारी त्यांनी दोन पोती दळली. न्यायला गेले तर लाल दोरीची तीन उभी. म्हणजे मोजणंही गेलं. पीठ बोटांखाली वेगळंच पडत होतं, नेहमीपेक्षा गार आणि मऊ. म्हणजे बोटंही गेली. घंटा वाजल्याचं काही आठवत नाही. म्हणजे कान तर गेलेलेच. अशा माणसाच्या हाती चक्की कशी द्यायची, मीच दिली नसती.

कुणी किल्ली काढून घेतली असती तर हा माणूस लढला असता. इथे त्याच्याकडून स्वतःवरचा भरवसाच काढून घेतला होता, आणि त्या कामात सही माझी होती.

डॉक्टरांनी पिशवीतलं पीठ टेबलावर ओतलं. सवयीनं काकांचा अंगठा आणि तर्जनी त्यात गेली. चोळलं. पुन्हा चोळलं. कपाळाला आठ्या पडल्या. थोडं तळहातावर घेऊन खिडकीशी नेलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकले.

"हे टाकी मारल्यावरचं पहिलं पीठ आहे," ते म्हणाले. "दगडांना टाकी कुणी मारली?"

३

दगडाच्या खाचा बोथट झाल्या की पोलादी हातोड्यानं त्या पुन्हा टोचाव्या लागतात, तीच टाकी. दोन दिवसांचं पाठ मोडणारं काम. टोचताना हातोड्याचीही कपची उडते, दगडाचा चुरा खाचांत बसतो. म्हणून टाकीनंतरचं पहिलं पोतं माणसांनी खायचं नाही, ते पांढऱ्या दोरीनं बांधून यानेसच्या डुकरांना जातं. दुसऱ्या पोत्यापासून पीठ स्वच्छ, गार आणि मऊ. काकांची बोटं बरोबर सांगत होती. त्यांनी स्वतः टाकी मारली असण्याचा प्रश्नच नव्हता. फेब्रुवारीत उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, चहाची किटलीही डाव्या हातानं उचलतात.

डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला. आधीच्या शनिवारी काकांना पीठ नेहमीसारखं लागलं होतं. म्हणजे टाकी मधल्या आठवड्यात पडली. दोन दिवस हातोड्याचा ठणठणाट चालू असताना साठ पावलांवरची मी काय करत होते? मी नव्हतेच. सोमवार ते गुरुवार दुकान बंद ठेवून आम्ही नवराबायको टेर्सखेलिंग बेटावर माझ्या बहिणीकडे होतो. दारावर तशी पाटीही लावली होती. बाकीच्या गल्लीला वाटलं असेल, टोनिसकाकाच काही ठोकतायत.

यानेस गावाबाहेर डुकरं पाळतो. त्याच्याकडे गेलो तर तो उलट माझ्यावरच घसरला. तुमच्या म्हाताऱ्याला माणुसकी राहिली नाही, म्हणाला. तुमचं दुकान बंद होतं त्या बुधवारी दुपारी पाती फिरत होती, मी शेतातून दोन्ही हात हलवून ओरडलो, त्यानं साधी मान वळवली नाही. चक्कीभोवतीच्या लाकडी ओटीवर उभा होता, पाठ करून.

बुधवारी दुपारी टोनिसकाका ग्रोनिंगेन शहरात कानाच्या डॉक्टरांपुढे बसले होते. भेटीचं कार्ड त्यांच्या टेबलावरच पडलेलं मी पाहिलं होतं. ज्या कानांमुळे त्यांची चक्की गेली, त्याच कानांनी त्यांना वाचवलं. यानेसला सांगितलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, मग मी हात केला कुणाला?

किल्ल्या तीन होत्या. एक काकांची, एक अध्यक्षांची, एक फोक्येची. फोक्ये चक्कीच्या खालच्या मजल्यावरचं छोटं प्रदर्शन सांभाळते, आलेल्या लोकांना माहिती देते. तिचं आणि काकांचं पिठाच्या धुरळ्यावरून वर्षानुवर्षं वाजतं. माझा संशय सरळ तिच्यावर गेला. दळण बंद पडलं तर हिला हवंच आहे.

आम्ही गेलो तेव्हा ती काचा पुसत होती आणि आमचं तोंड उघडायच्या आत तिचं सुरू झालं. म्हाताऱ्याची चक्की गेली ते वाईट झालं, पण सुटले मी. तू बेटावर होतीस त्या गुरुवारी सकाळी येऊन बघते तर सगळ्या काचांवर बोटभर थर. आणि नेहमीचा पांढरा असता तर एक वेळ ठीक, हा राखाडी. ओल्या फडक्यानं पुसला तर चरे पडले, हे बघा.

डॉक्टरांनी चऱ्यांवरून बोट फिरवलं. पिठानं काचेला चरे पडत नाहीत. आणि गुरुवारी म्हणजे, ज्या शनिवारच्या दळणाबद्दल काकांना दोष दिला, त्याच्या दोन दिवस आधी.

"वर कोण काय करत होतं, हे तिनं पाहिलं असतं तर तिनं गावभर केलं असतं," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "ही लपवणारी बाई नाही. राहिली एक किल्ली."

४

एब्बिंगेसाहेबांनी आम्हाला कॉफी दिली, आल्याचा केक दिला आणि टेबलावर एक मोठा आराखडा पसरून दाखवला. पोती ठेवतो त्या मजल्यावर सफरचंदाच्या टार्टचं कॉफीघर, जात्याच्या मजल्यावर लग्नांसाठी हॉल. दळणही राहील, पण ठरल्या वेळी, अर्धा तास, दिखाव्यापुरतं. टोनिस व्हेनेमा अशा गोष्टींना तयार झाले नसते, त्यांचा स्वभाव तुम्ही जाणताच. मी विचारलं, शनिवारी घंटा वाजली हे तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, पिठात खडे आले म्हणजे वाजलीच असणार, आणि टोनिसनी स्वतः नाकारलेलं नाही.

बुधवारी चक्कीत कोण होतं, हे डॉक्टरांनी विचारलं. साहेबांनी कॉफी ढवळली. कुणीच नाही, म्हणाले.

तेवढ्यात आतून मारिनुस आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, चेहऱ्यानं चांगला माणूस. त्यानं हात पुढे केला. त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर चिकटपट्ट्या होत्या. काय झालं विचारल्यावर गुलाबाचे काटे म्हणाला. पण पट्टीच्या बाहेर कातडीखाली बारीक निळे ठिपके दिसत होते. माझ्या लहानपणी काकांच्या हातावर मी तेच ठिपके मोजत बसायचे. टाकीच्या पोलादाचे कण कातडीत रुततात आणि जन्मभर तिथेच राहतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी माझं कोपर धरून मला जवळजवळ ओढतच रस्त्यावर आणलं.

मी त्यांच्यावरच भडकले. हात पाहिलात ना, मग तिथेच का नाही पकडला? ते म्हणाले, काटे म्हणून सांगेल, साहेब मान डोलावतील, आणि टोनिस पुन्हा म्हणेल की माझीच चूक असेल. या माणसाला तू किंवा मी खरं ठरवून चालणार नाही. त्याला स्वतःला दिसलं पाहिजे.

मग ते वाटेतल्या पुलावर टेकून उभे राहिले. एक गोष्ट त्यांना सुटत नव्हती. मारिनुस कसलेला कारागीर आहे, टाकी उत्तम मारलीय, खुद्द काकांच्या बोटांनी ते सांगितलं. असा माणूस पहिलं पोतं माणसांच्या पोटात का घालेल? त्याला कुणाचं वाईट करायचं असतं तर सोपे मार्ग होते. शिवाय चक्कीत खिळ्यावर लाल आणि पांढऱ्या, दोन्ही दोऱ्या टांगलेल्या असतात.

दोरी म्हटल्यावर मला आठवलं. मी एप्रनच्या खिशातून ती कापलेली लाल दोरी काढली. गाठ अजून तशीच होती, घट्ट, दोनदा उलटी फिरवलेली. मी सोमवारची हकिकत सांगितली.

डॉक्टरांनी ती बराच वेळ निरखली. सुजलेल्या गालानं हसणं कठीण, तरी हसले.

"म्हणजे त्यानं विचार करून लाल उचलली," ते म्हणाले. "हिल्ये, झेलँडमध्ये लाल म्हणजे काय असेल?"

५

चक्की-दिनाला वारा छान होता. सायकलींची रांग माझ्या दुकानापर्यंत लागली होती. ओटीवर अध्यक्ष, शेजारी मारिनुस, आणि एका बाजूला टोनिसकाका, टोपी हातात. ते यायला तयार नव्हते. किल्ली देताना जुन्या माणसानं हजर असावं, असा निरोप साहेबांनी पाठवला होता. माणसाला खड्ड्यात घालायचं आणि वर माती लोटायलाही त्यालाच बोलवायचं, याला काय म्हणतात ते मला छापता येणार नाही.

साहेबांचं भाषण झालं. किल्ली खिशातून निघाली. तेवढ्यात डॉक्टर पुढे सरकले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले की नव्या दळणाऱ्यानं पोतं कसं बांधतात ते एकदा दाखवावं, मुलांना मजा वाटेल. मुलांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना नाही म्हणता येईना. फोक्येनं झाडून गोळा केलेलं खालचं पीठ एका पोत्यात भरून ठेवलंच होतं, डॉक्टरांनी तिला तसं आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"हे जमिनीवरचं झाडलेलं आहे," डॉक्टर मारिनुसला म्हणाले. "यानेसच्या डुकरांना द्यायचंय. बांधा बघू."

मारिनुसनं हसत बाह्या सरसावल्या. खिळ्याकडे हात गेला, पांढऱ्या दोऱ्या बाजूला सारल्या, आणि त्यानं लाल दोरी ओढून काढली. दोनदा उलटी फिरवून आवळली. हात इतके सराईत की त्याचं लक्षही नव्हतं. त्यानं मान वर केली तेव्हा गावातल्या कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. पाहुण्यांना काही कळेना.

"माझी डुकरं पाव भाजत नाहीत, बाबा," यानेस मागून म्हणाला.

टोनिसकाका पुढे आले. त्या गाठीवर त्यांनी अंगठा ठेवला. "लाल?" एवढंच म्हणाले.

मारिनुस गोंधळून म्हणाला, लालच ना, लाल म्हणजे माणसांनी हात लावायचा नाही, आमच्या चक्कीत माझ्या गुरूपासून तसंच आहे. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. मी ओटीवर चढले आणि माझ्या खिशातली दोरी त्या पोत्याशेजारी धरली. तीच गाठ. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट या पन्नाशीच्या माणसाला ठाऊक नव्हती, कारण त्याला ती सांगायला ज्या माणसाकडे पाठवायला हवं होतं, त्याच माणसापासून त्याला लपवलं होतं.

डॉक्टरांनी मग सगळं ओळीनं सांगितलं. पोलादाची कपची, राखाडी धुरळा, बुधवारी फिरलेली पाती, तिसरं पोतं. शेवटी ते अध्यक्षांकडे वळले. सुरक्षिततेसाठी चक्की काढून घेणारा माणूस पाववालीला सांगतो की बाकीची दोन पोती बिनधास्त वापर. दगडावर दगड घासला असता तर कुठलं पोतं बरं आणि कुठलं वाईट, हे कुणाला सांगता आलं असतं? ज्याला माहीत होतं की फक्त पहिलंच खराब आहे, त्यालाच. म्हणजे मंगळवारीच, तक्रार हातात घेतानाच, तुम्हाला टाकीचं ठाऊक होतं.

साहेब म्हणाले की त्या परिस्थितीत, आपल्या सगळ्यांच्या हिताचा विचार करता...

वाक्य मारिनुसनं पूर्ण केलं. जागा त्याला मार्चमध्येच कबूल केली होती. चक्की-दिनासाठी दगड तयार हवे होते, पण टोनिसना एवढ्यात कळू द्यायचं नाही, म्हणून पाववाली गावात नसतानाचे दिवस साहेबांनी शोधून दिले, किल्ली दिली. त्यानं टाकी मारली, पहिलं पोतं दळलं आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणून मुद्दाम लाल दोरीनं बांधून कोपऱ्यात ठेवलं, नंतर डुकरांकडे पोचवायला. दाढ तुटल्याचं कळलं तेव्हा तो धावत साहेबांकडे गेला होता. "ते म्हणाले, गप्प बस. म्हाताऱ्याला स्वतःलाच वाटतंय की त्याला ऐकू आलं नाही."

चूक मी समजू शकते. लाल आणि पांढऱ्याची गफलत उद्या माझ्याही हातून होईल. पण चूक कुणाची ते कळल्यावर दहा दिवस एका म्हाताऱ्याला स्वतःच्या कानांवर, बोटांवर, मोजणीवर संशय घेत बसू दिलं, आणि वर त्याला साधेपणानं किल्ली देताना बघून मान डोलावली, याला गफलत म्हणत नाहीत. हे मी तिथेच म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, आणि त्यात आणखीही काही शब्द होते. मग माझं तक्रारपत्र मी खोटं ठरवते असंही म्हणाले, आणि तो कागद साहेबांकडे मागितला. त्यांनी तो खिशातूनच काढून दिला. नोटीस फोक्येनं उपटली. काचांवरचे चरे तिच्या डोक्यात अजून ताजे होते.

साहेब कोट सावरत गर्दीतून निघून गेले. त्यांना वाट द्यायला लोक जेवढे सरकले, तेवढीच वाट मिळाली.

६

किल्ली ओटीवरच्या लाकडी कठड्यावर पडलेली होती. मी ती उचलून टोनिसकाकांपुढे धरली. त्यांनी घेतली नाही.

मला वाटलं, अपमान गिळता येत नाही. तसं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, ही गोष्ट ठीक झाली, पोती बरोबर मोजली होती, बोटंही शाबूत आहेत. पण घंटा वाजलीच नव्हती, म्हणून ती मला ऐकू आली नाही. वाजली असती तर आली असती का, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि ते कळल्याशिवाय मी दगडाजवळ जाणार नाही. नाहीतर उद्या पिठात खडे जातील ते खरंच माझ्यामुळे.

त्यांना कुणी समजावू शकलं नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. घंटा वाजवून बघायला मी जिना चढून जात्याच्या मजल्यावर गेले. काका ओटीवरून उतरून सायकलींच्या पलीकडे, गल्लीच्या तोंडाशी टोपी घालून जाऊन उभे राहिले, चक्कीकडे पाठ करून. वरून मला फक्त त्यांची टोपी दिसत होती. वारा जोरात होता, पाती अशी फडफडत फिरत होती की खालचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. मुलं ओरडत होती. एक वेळ वाटलं की सगळ्यांना गप्प राहायला सांगावं. मग वाटलं, शनिवारी कुणी गप्प राहत नाही.

पेटी रिकामी होती. पट्टा तिच्या तळाशी खिळ्याला अडकवलेला होता. मी आत हात घातला. हे सगळं माझ्या एका कागदानं सुरू झालं होतं आणि आता ते माझ्याच हातात येऊन थांबलं होतं. मी पट्टा सोडला.

घंटा वाजली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी खिडकीशी धावले. टोपी जागची हलली नव्हती. मी मागे वळून पट्टा पुन्हा ओढणार होते.

खाली गर्दी दुभंगत होती. टोनिसकाका वळले होते आणि सायकलींतून वाट काढत, डावा हात पुढे धरून, जमेल तेवढ्या वेगानं चक्कीकडे येत होते. खिडकीखाली पोचल्यावर त्यांनी मान वर केली. चेहरा रागानं लाल झाला होता.

"हिल्ये, बघत काय उभी आहेस?" ते ओरडले. "पेटी रिकामी वाजतेय. गहू घाल आधी."

मी गव्हाचं पोतं पेटीत रिकामं केलं, आणि पट्टा त्याखाली दाबला.